आधी तपासणी, मग पथ्य : मोठ्या मुलांमधल्या सिलिअ‍ॅकच्या शंकेविषयी



सिलिअ‍ॅक या गव्हामुळे होणाऱ्या आजारावर बोलायला कोकण कशाला निवडायचं, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. जिथे दोन्ही वेळच्या ताटात भात असतो, न्याहारीला घावणे किंवा आंबोळी असते आणि भाकरी म्हटली की ती तांदळाची नाहीतर नाचणीची असते, तिथे गव्हाची एवढी चिंता कशाला? माझं म्हणणं असं आहे की, सिलिअ‍ॅकची शंका तपासताना सर्वांत जास्त सावध राहावं लागतं ते भात खाणाऱ्या मुलखातच. त्यातही शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडलेल्या अठरा-वीस-पंचवीस वर्षांच्या मुलामुलींच्या बाबतीत. ही मुलं घरी भातावर वाढतात आणि मुंबई-पुण्याच्या मेसमध्ये सकाळी पाव, दुपारी चपाती, रात्री पुन्हा चपाती खाऊ लागतात. वर्ष-दोन वर्षांत पोट बिघडतं, अंगातलं रक्त कमी होतं, थकवा जात नाही. कुणीतरी सुचवतं, ‘गहू सोडून बघ.’ मुलगा सोडतो, थोडं बरं वाटतं, आणि तपासणी कायमची मागे पडते. माझा आक्षेप या क्रमाला आहे. पोळी बंद करायची असेल तर जरूर करावी, पण रक्त तपासणीला दिल्यानंतर.

आजार नेमका काय आहे ते आधी पाहू. गहू, सातू आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ज्यांच्या जनुकांत डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ही ठेवण आहे, अशा काही माणसांमध्ये या प्रथिनाचे न पचलेले तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्यातले बारीक अंकुर झिजत जातात आणि शेवटी सपाट होतात. म्हणजे ही आम्लपित्ताची तक्रार नव्हे, आणि पुरळ उठवणारी नेहमीची अ‍ॅलर्जीही नव्हे. हा आयुष्यभराचा आजार आहे आणि त्यावरचा उपाय म्हणजे आयुष्यभर ग्लुटेन वर्ज्य करणं. लहान मुलांत जुलाब, फुगलेलं पोट आणि खुंटलेली वाढ दिसते, म्हणून डॉक्टरांचं लक्ष जातं. मोठ्या मुलांत चित्र पुसट असतं. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन चढत नाही, तोंड वारंवार येतं, मुलीची पाळी उशिरा सुरू होते, उंची भावंडांपेक्षा कमी राहते, यकृताच्या चाचणीतले आकडे कारण न सापडता वाढलेले असतात, साध्या पडण्याने हाड मोडतं. यातल्या अनेकांना जुलाब होतच नाहीत. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं, तेव्हा एखाद्या मुलीचा रक्तक्षय वेगळ्या कारणाचा असेल हे चटकन कुणाच्या डोक्यातही येत नाही.

‘गहू सोडल्यावर बरं वाटलं, आणखी पुरावा कशाला?’ हा या विषयातला सर्वांत जोरदार आक्षेप आहे, आणि त्याला उत्तर वैद्यकाच्या इतिहासातच आहे. लंडनच्या डॉ. सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या आजाराचं पहिलं स्पष्ट आधुनिक वर्णन छापलं. रुग्ण बरा होणार असेल तर तो आहारानेच, हे त्यांनी अचूक ओळखलं. पण त्यांनी बंद केलं काय, तर भात आणि साबुदाणा. आणि चालेल म्हणून सांगितलं काय, तर दोन्ही बाजूंनी नीट भाजलेला पातळ पाव! त्यांच्या एका बालरुग्णाला हंगामभर रोज डच शिंपले खायला दिले होते. ते मूल छान सुधारलं आणि हंगाम संपताच पुन्हा खालावलं. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं खरोखर बरी झाली आणि केळं हेच औषध ठरलं. शिंपल्यांनी आणि केळ्यांनी काहीच केलं नव्हतं. ते पोटभर खाताना ताटातला पाव गेला होता, एवढंच. पण तसं कळलं नसल्यामुळे, बऱ्या झालेल्या मुलांना पुढे नेहमीचं जेवण, म्हणजे गहूच, पुन्हा सुरू करता येईल असं मानलं गेलं. बरं वाटण्यावर भिस्त ठेवून हुशार आणि प्रामाणिक डॉक्टर साठ वर्षं चुकीच्या पदार्थाकडे बोट दाखवत राहिले. हा घोळ सोडवला तो हॉलंडच्या डॉ. विलेम कारेल डिके यांनी. १९४४-४५च्या हिवाळ्यातल्या उपासमारीत पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुलं सुधारली, हे निरीक्षण प्रसिद्ध आहे. पण डिके तेवढ्यावर थांबले नाहीत. एक-एक धान्य काढून, पुन्हा घालून, मुलांचं वजन आणि शौचातून जाणारी चरबी मोजून त्यांनी १९५० साली उत्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला, आणि गव्हावरचा आरोप सिद्ध झाला. शंका डिकेंनाही आधीपासून होतीच. शंकेचा निष्कर्ष झाला तो मोजमापामुळे.

आज ‘गहू सोडला आणि बरं वाटलं’ म्हणणाऱ्या मुलाच्या बाबतीत तीच अडचण आहे. गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टान नावाची शर्कराही असते. ती नाजूक आतड्यात वायू धरते. गहू सोडताना तो मुलगा वडापाव, बिस्किटं, नूडल्स आणि बाहेरचं तळणही सोडतो. मग गुण नक्की कशाने आला? सिलिअ‍ॅक असेल तर आयुष्यभर कडक पथ्य हवं. आतड्याची साधी चिडचिड असेल तर एवढ्या कडक पथ्याची गरजच नाही. बाहेरून दोन्हीचं रूप सारखं दिसतं.

आता ‘आम्हाला कुठला हा आजार’ या समजुतीकडे येऊ. भारतात १९६०च्या दशकात उत्तरेकडच्या मुलांविषयीचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले आणि सिलिअ‍ॅक म्हणजे पंजाब-हरियाणाचं दुखणं असा शिक्का बसला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात डॉ. बी. एस. रामकृष्ण, दिल्लीच्या एम्सचे डॉ. गोविंद माखरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशाच्या तीन भागांतल्या तेवीस हजारांहून अधिक प्रौढांचं रक्त तपासलं. सिलिअ‍ॅकची प्रतिपिंडं उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत सापडली. जनुकांची ठेवण मात्र तिन्हीकडे जवळपास सारखी होती: उत्तरेत ३८.१, ईशान्येत ३१.४ आणि दक्षिणेत ३६.४ टक्के. रोजचा गहू उत्तरेत सरासरी ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५. दक्षिणेचा आकडा पाहून भातवाल्यांनी निश्चिंत व्हावं असं वाटेल, पण ईशान्येचा आकडा नीट पाहा. तिथेही ताट भाताचंच, गहू दक्षिणेपेक्षा जेमतेम बारा ग्रॅमने जास्त, आणि प्रतिपिंडं असलेल्यांचं प्रमाण मात्र आठपटींहून अधिक. थोड्या गव्हानेही आजार होऊ शकतो, आणि नुसत्या भाताच्या सवयीने त्यापासून संरक्षण मिळतं असं धरून चालता येत नाही. कोकणाचं ताट दक्षिणेच्या जवळचं आहे हे खरं. पण शिधावाटपाच्या दुकानात गहू आला त्याला दोन-तीन पिढ्या झाल्या, आणि बेकरीचा पाव आता गावोगावी सकाळी दारात येतो.

मग तपासायचं कसं? पहिली पायरी म्हणजे रक्तातली टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए ही चाचणी. डॉक्टर मंडळी तिला टीटीजी म्हणतात. तिच्या जोडीला एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजायलाच हवं, कारण सिलिअ‍ॅक असलेल्यांपैकी दोन-तीन टक्के लोकांच्या शरीरात आयजीए जवळजवळ तयारच होत नाही. त्यांची टीटीजी चाचणी नकारात्मक येते आणि आजार तसाच राहतो. अशांसाठी आयजीजी गटातल्या चाचण्या आहेत. रक्त गावातच देता येतं, नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो. पहिल्या पायरीसाठी मुंबईची फेरी करावी लागत नाही. खरी मेख पुढे आहे. ही चाचणी ग्लुटेन शोधत नाही, ग्लुटेनवर शरीराने दिलेला प्रतिसाद शोधते. पोटात गहूच जात नसेल तर प्रतिसाद हळूहळू विरतो, आतडं भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही अहवाल ‘नॉर्मल’ येतो. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१५ साली सांगितलं की, तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन असायला हवं. ही अट लंडनमध्ये आपोआप पाळली जाते, पंजाबातही पाळली जाते. रत्नागिरीत ती आपोआप पाळली जात नाही. मे महिन्याच्या सुटीत घरी आलेला मुलगा महिनाभर भात, माशांचं कालवण, भाकरी आणि सोलकढीवर असतो. सुटी संपता संपता आई म्हणते, जाता जाता रक्त तपासून घे. सद्‌भावनेने दिलेला हा सल्ला चुकीच्या आठवड्यात दिलेला असतो. डॉक्टरांनी आणि पालकांनी आधी हे विचारावं की, गेल्या दीड-दोन महिन्यांत या मुलाच्या पोटात रोज किती गहू गेला. हा प्रश्न न विचारता आलेल्या नकारात्मक अहवालावर मी विसंबणार नाही. उलट, पोळी बंद करून जेमतेम आठवडा-दोन आठवडे झाले असतील तर लगेच रक्त द्यावं, कारण प्रतिपिंडं एका दिवसात नाहीशी होत नाहीत.

अहवाल सकारात्मक आला तर दुसरा प्रश्न उभा राहतो: दुर्बिणीची तपासणी खरंच हवी का? युरोपातल्या बालपचनविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली मान्य केलं की, मुलांमध्ये टीटीजीची पातळी नेहमीच्या मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात एंडोमायसियल प्रतिपिंडंही सापडली, तर आतड्याचा तुकडा न काढताही निदान करता येतं. पालक हा नियम वाचतात आणि वीस वर्षांच्या मुलालाही लावू पाहतात. हा आग्रह मला समजतो. घशातून नळी घालायची भीती कुणाला नसते? पण तो नियम प्रौढ न झालेल्या मुलांसाठी आहे. प्रौढांसाठी बायॉप्सी, म्हणजे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणं, हाच मुख्य मार्ग आहे. अमेरिकन तज्ज्ञांनी २०२३ साली दिलेली सवलतही ज्यांना दुर्बीण शक्य नाही किंवा नकोच आहे अशांपुरती आहे. आपल्याकडे बायॉप्सीचा आग्रह धरायला आणखी एक सबळ कारण आहे. समजा, एखाद्या भागात दहा हजारांत दहा जणांना आजार आहे, आणि चाचणी शंभर निरोगी माणसांपैकी दोघांना चुकून आजारी दाखवते. सगळ्यांची सरसकट तपासणी केली तर खरे रुग्ण दहा, आणि चुकून अडकलेले सुमारे दोनशे. आजार जितका विरळ, तितका एकट्या रक्ताच्या अहवालाचा भरवसा कमी. लक्षणं असलेल्याच माणसाला तपासलं तर हे गणित बरंच सुधारतं आणि पातळी खूप वर असेल तर आणखी सुधारतं. पण मर्यादेच्या जरा वर असलेल्या आकड्यावर कुणाला जन्मभराचं पथ्य लावणं अन्यायाचं आहे. शिवाय आपल्या देशात आतड्याचे अंकुर झिजवणारी इतरही कारणं आहेत. ट्रॉपिकल स्प्रू हा आजार फॉलिक आम्ल आणि प्रतिजैविकाने बरा होतो. जिआर्डिया हा जंतू साध्या औषधाने जातो. क्षयही आतड्यात जाऊन बसतो. ही कारणं वगळण्यासाठी रक्ताचा अहवाल आणि तुकड्याचा अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. दोन्ही जुळले तर निदान पक्कं.

दुर्बीण करायची ठरली तर ती वाया जाऊ नये. अनेकदा कॅमेऱ्यातून आतडं ठीक दिसतं आणि तुकडा न घेताच तपासणी संपते. सिलिअ‍ॅकमध्ये अस्तर नुसत्या डोळ्यांना अगदी निरोगी दिसू शकतं. लहान आतड्याचा पहिला भाग म्हणजे ड्युओडेनम; त्याच्या दुसऱ्या भागातून निदान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घ्यायला हवेत, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. चिठ्ठीवर ‘एंडोस्कोपी’ एवढंच न लिहिता ‘सिलिअ‍ॅकसाठी ड्युओडेनल बायॉप्सी’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, आणि तो दिवस उजाडेपर्यंत पोळी चालू ठेवावी. अहवालातला टीटीजीचा आकडा सांगतानाही त्याच्या शेजारी छापलेली प्रयोगशाळेची मर्यादा सांगावी. प्रत्येक किटची मर्यादा वेगळी असते, नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

ज्यांनी सहा महिन्यांपूर्वीच गहू सोडला आहे त्यांचं काय? पुन्हा खाऊ घालून आजारी पाडायचं, हा क्रूरपणा नाही का? या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्यांच्यासाठी क्रम बदलतो. आधी जनुकांची, म्हणजे एचएलएची तपासणी करावी. ती आहारावर अवलंबून नसते. डीक्यू-२ आणि डीक्यू-८ दोन्ही नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं आणि कुणाला गहू खाऊ घालावा लागत नाही. मात्र ती सकारात्मक आली म्हणून आजार आहे असं समजू नये. देशातल्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास निरोगी माणसांत ही ठेवण असतेच. ठेवण असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली गव्हाची कसोटी घ्यायची: रोज किमान तीन ग्रॅम ग्लुटेन, किमान दोन आठवडे, आणि सोसत असेल तर सहा ते आठ आठवडे. तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे दिवसाला दोन मध्यम पोळ्या पुरतात. डबाभर पाव खावा लागत नाही. गरोदरपणात ही कसोटी घेऊ नये, परीक्षेच्या तोंडावरही नको. आणि ती घ्यायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क मुलाचा आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या संमतीशिवाय कुठलीच तपासणी होऊ नये. पालकांनी माहिती द्यावी, सोबत जावं, खर्च उचलावा. दवाखान्यात उत्तरं मात्र मुलांना देऊ द्यावीत. मेसमध्ये काय खाल्लं, काय टाकलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आणखी एक आक्षेप आपल्या घराघरांतून ऐकू येतो: भात तर आहेच, मग नाव कशाला लावून घ्यायचं? मुलगी असेल तर त्यामागे लग्नाची चिंता असते. ही चिंता खोटी नाही, पण ती उलट्या दिशेने नेते. निदान नसलेलं पथ्य सैल असतं, आणि सैल पथ्याने आतडं भरून येत नाही. बाजारातल्या हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचून पाहा. पुष्कळ हिंगांत मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि तोच हिंग आमटीत, लोणच्यात आणि ताकात जातो. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की चक्कीच्या दगडांत आणि पीठ पडतं त्या कापडी तोंडात कणीक उरते. तुमचे तांदूळ तिच्यावरूनच खाली येतात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोला वीस मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन असेल तरच पदार्थ ग्लुटेनमुक्त ठरतो. एक किलो तांदळाच्या पिठात पाव ग्रॅम कणीक पडली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे तांदळाची भाकरी खाणारी मुलगी पथ्य पाळते आहे असं सगळ्यांना वाटतं, आणि तिचं आतडं रोज झिजत असतं. पुढे हाडं ठिसूळ होतात, गर्भधारणेत अडचणी येतात, आणि अनेक वर्षं उपचार न झालेल्या काही रुग्णांत आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. सासरच्या स्वयंपाकघरात ‘मला वेगळं पीठ दळून हवं’ असं म्हणायला तिच्या हातात अहवाल असेल तर तिची बाजू भक्कम राहते. अहवालाशिवाय ती फक्त खाण्याच्या बाबतीत चोखंदळ ठरते.

खर्चाबद्दल थोडक्यात. पैसे पहिल्या दोन रक्तचाचण्यांवर घालावेत. शंभर पदार्थांची ‘फूड इनटॉलरन्स’ यादी देणाऱ्या, केसांच्या नाहीतर आयजीजीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या तपासण्यांनी सिलिअ‍ॅकचं निदान होत नाही. एचएलएही सगळ्यांसाठी पहिल्या दिवशी मागवण्याची गोष्ट नव्हे. ती गहू आधीच सोडलेल्यांसाठी आणि रक्त व तुकडा यांचे अहवाल जुळत नसतील तेव्हासाठी आहे.

आणि निदान झालंच, तर घरातल्या इतरांचं रक्तही तपासायला हवं. आई-वडील, भावंडं आणि मुलं मिळून पाहिली तर जवळपास साडेसात टक्के जवळच्या नातेवाइकांत हा आजार सापडतो, आणि त्यांतल्या अनेकांना कसलाच त्रास जाणवत नसतो. नेमकं इथेच आपल्या घरांतलं प्रेम आड येतं. एका मुलाचं निदान झालं की सगळं घर त्याच्यासाठी गहू सोडतं. कणकेचा डबा रिकामा होतो, धाकटी बहीणही भाकरीवर येते. सहा महिन्यांनी तिचं रक्त तपासलं तर ते स्वच्छ येतं आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात. म्हणून थोरल्याचा अहवाल हातात पडला की, कणकेचा डबा हलवण्याआधी, त्याच आठवड्यात धाकटीचं आणि आई-वडिलांचं टीटीजी आणि एकूण आयजीए करून घ्यावं. भाकरीची दुरडी आणि वेगळं पीठ त्यानंतर.